अर्ध्या गोळ्यांचा सौदा

भरवसा ठेवायचा तरी कुणावर, सांगा पाहू? परक्याला जोखून घ्यावं, हे दुकानदाराच्या अंगात मुरलेलंच असतं. माझी अडचण निराळी. मला बुडवलं ते घरच्यांनी. मी खिळे-बिजागऱ्यांच्या एका व्यापाऱ्याचं जठर बोलतोय. बाजार त्यांना शेठ म्हणतो, म्हणून मीही शेठच म्हणतो.

माझं काम सांगायला सोपं. वरून येईल ते घ्यायचं, आम्लात घुसळायचं आणि थोडं थोडं करून खाली आतड्याकडे धाडायचं. आम्ल असं जहाल, की खुद्द मलाही जाळेल. म्हणून आतून बुळबुळीत अस्तर. त्या अस्तराच्या पेशी काही दिवसांत झिजतात, नव्या येतात, जुन्या मुकाट जागा सोडतात. आमच्या घरचा हाच शिरस्ता होता.

शेठ लहान असताना एक जंतू आत आला. उष्ट्या पेल्यातून आला की पाण्यातून, देव जाणे. वाकडातिकडा, शेपट्यांनी पोहणारा. इतर जंतू माझ्या आम्लात मरतात. हा पठ्ठ्या स्वतःभोवती अमोनियाचा पडदा करून अस्तरात जाऊन बसला. पुष्कळांच्या पोटात तो जन्मभर निमूट राहतो. माझ्याकडे मात्र त्यानं धुमसती सूज लावून दिली.

शेठ माणूस लाघवी. बिजागरीत खोट असली तर आधी खोट दाखवत, मग विकत. पण घासाघीस केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. केस किती कापायचे यावर न्हाव्याशीसुद्धा घासाघीस. जळजळ वाढली तेव्हा ते डॉक्टरीणबाईंकडे गेले, आणि तिथेही तेच.

बाईंनी तपासून जंतू ओळखला, दोन आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.

"एका आठवड्यात भागवा की, बाई."

"हा जंतू घासाघीस ऐकत नाही, शेठ. एकही गोळी चुकवायची नाही. आणि नंतर पुन्हा तपासायला यायचं."

शेठ हसले, मान डोलावली. आठवडाभरात जळजळ थांबली आणि त्यांनी मनातल्या मनात सौदा तोडून टाकला. उरलेल्या गोळ्या शेजारच्या रंगवाल्याला दिल्या, कारण त्यालाही जळजळत होतं. तो दुवा देत गेला. बाईंना फोनवर कळवलं, सगळ्या घेतल्या, एकदम ठणठणीत आहे. ज्या माणसानं गिऱ्हाइकाला कधी खिळा कमी दिला नाही, त्यानं मला काटा मारला.

जंतूची निम्मी पिलावळ मेली होती. जे वाचले ते औषधाला न जुमानणारे, चिवट निघाले.

वर्षं गेली. धुमसून धुमसून माझ्या आम्लाच्या ग्रंथी सुकल्या. इकडे आम्ल घटत चाललं होतं आणि शेठ आम्ल मारायच्या गोळ्या चघळतच होते. सुकलेल्या भागातल्या काही पेशींनी वेश बदलला, आतड्याच्या पेशींसारख्या दिसू लागल्या. मला वाटलं, बिचाऱ्या तग धरायला बघतायत. त्यांतल्याच एकीच्या अंगात बिघाडावर बिघाड साचत गेले. थांबायची वेळ आली तरी थांबेना, मरायची वेळ आली तरी मरेना. एकीच्या दोन, दोनाच्या चार. रक्तातले पहारेकरी यायचे, हुंगायचे आणि घरचीच दिसतेय म्हणून पुढं जायचे. मग तिनं नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढल्या. माझ्या वाट्याचं रक्त पिऊन ती पोसली. जंतूचा राग येतो, पण तो परका होता. ही माझ्या अंगाची. हे मला अजून पचलेलं नाही.

दुखलं म्हणावं तर फारसं नाही. चार घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं. विजार ढिली झाली, तर शेठ गिऱ्हाइकांना सांगत, हल्ली चालायला लागलोय. बायकोनं मात्र एक ऐकलं नाही. पुन्हा बाईंसमोर नेऊन बसवलं.

"मागच्या गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्यात?"

"घेतल्या की."

"अहो, रंगवाले भाऊजी अजून सांगतात, तुमच्या गोळ्यांनी त्यांना केवढा आराम पडला होता," बायको म्हणाली. "खरं सांगा."

शेठनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "अर्ध्या घेतल्या."

मग दिवा लावलेली नळी आत आली. जन्मात पहिल्यांदा माझ्या घरात उजेड पडला, तोही कशावर? बाईंनी तिथल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, कर्करोग निघाला. पुऱ्या गोळ्या घेतल्या असत्या तर हे टळलंच असतं असं नाही, त्या म्हणाल्या, पण धोका कमी झाला असता. सर्जननं गाठीसकट माझा निम्म्याहून जास्त भाग काढला आणि उरलेला आतड्याला जोडून दिला.

आज तपासणीचा दिवस. शेठ दवाखान्याच्या बाकावर बसलेत, शेजारी बायको. सकाळी त्यांना शौचाला डांबरासारखं काळं झालं. माझ्या जोडाजवळून रक्त झिरपतंय, त्याचा तो रंग. त्यांनी पाहिलं, भसाभस पाणी ओतलं, आणि बायकोनं पोट कसंय विचारलं तेव्हा म्हणाले, "झकास."

आता आत बोलावतील. मला तोंड नाही. आहे ते त्यांचंच, आणि ते काय बोलेल याचा मला अंदाज लागत नाही. तुम्हाला मात्र विनवतो. तुमच्याही आत कुणीतरी मुकाट राबतंय. काय खाल्लं, काय टाकलं, काय काळं दिसलं, किती गोळ्या घेतल्या, डॉक्टरांसमोर त्याचा हिशोब खरा मांडा. तिथं सूट मागू नका.