धाकटीचा स्वेटर

मांजराची पिल्लं पोटावर निजवून पाजायची, माणसाच्या बाळासारखी उताणी नाही, हे धाकटीला मी शिकवलं. आधी ऊब, मग दूध, मग ओल्या कापसाने पुसून शू करवायची, हेही मीच. लग्न होऊन आली तेव्हा ही माझी जाऊ मांजर दिसलं की पलंगावर चढून बसायची. आणि आता प्राण्यांच्या निवाऱ्यातून आईवेगळी पिल्लं घेऊन डॉक्टरीणबाई आल्या, की दारातूनच विचारतात, "धाकटी आहे ना घरी?" मी समोर उभी असते. मी काय पायपुसणं आहे?

या खेपेला तिघं आली, डोळेही न उघडलेली. दोन खादाड, कोणाच्याही हातून पिणारी. तिसरी चिमटी. होतीच चिमूटभर, म्हणून ते नाव. ती फक्त धाकटीकडे प्यायची, तिच्या त्या बाही उसवलेल्या हिरव्या स्वेटरमध्ये नाक खुपसून. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी धाकटी तिच्या आईला दवाखान्यात न्यायला गेली. ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी खुंटीवरचा स्वेटर काढून मशीनमध्ये टाकला. दुधाचा आंबूस वास मारत होता, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो पेपरातून वरही न बघता म्हणाला, "मी कुठे काय विचारलं?"

दुपार झाली तरी चिमटी पीत नव्हती. बाटलीचं बूच बदललं, दूध पुन्हा कोमट केलं, गरम पाण्याची पिशवी खाली सरकवली. ओठांवर थेंब लावला तर तो हनुवटीवरून ओघळला. सकाळी निदान ओरडत तरी होती, आता तेही नाही. हातात धरली तर कापसाची वात धरल्यासारखं वाटलं. एवढा जीव एक दिवस उपाशी राहिला की संपतो, हे मला कोणी सांगायला नको होतं. नाक मुठीत धरून मी धाकटीला फोन केला.

"ताई, स्वेटर घाला ना माझा," ती म्हणाली. "मुद्दाम धुतला नाही मी. तिला तो वास ओळखीचा झालाय."

स्वेटर दोरीवर वाळत होता. साबणाचा छान वास येत होता त्याला.

"बरं," एवढंच म्हणून मी फोन ठेवला आणि तिच्या खोलीत गेले. कपाटातले कपडे धुतलेले, घडी केलेले. मेली टापटिपीची. शेवटी उशी हुंगली. तिच्या तेलाचा वास होता. अभ्रा ओढून काढला, गळ्यात गुंडाळला आणि चिमटीला छातीशी धरलं.

तिने नाक इकडेतिकडे फिरवलं. मग अभ्र्यात खुपसलं आणि प्यायला लागली. मला रडू आलं. सुटले म्हणून, आणि रागानेही.

पोट भरल्यावर ती माझ्या छातीवर झोपली. मी हळूच अभ्रा बाजूला सारला. सहज, बघावं म्हणून. तर ती आंधळी कुडी लटपटत माझ्यावरून उतरली आणि त्याच्यामागे निघाली.

फोन वाजला. "प्यायली? तुमच्या हातून?" धाकटी हसली. "मग आता माझं काय काम?"

"लवकर ये," मी म्हटलं, आणि अभ्रा परत गळ्यात घेतला.