चालत नाही

मी थापा मारते हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. एकदा मी इतक्या जोरात शिंकले की शेजारणीचे कपडे दोरीवरून उडून आमच्या दोरीवर आले आणि चिमटेही आपोआप लागले. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाही ते कपडे आठवतात. म्हणून त्या दिवशी निघताना सूनबाईनं मला दारातच अडवलं.

"आई, आज एकही थाप नाही. जे आहे तेवढंच सांगायचं."

"बरं बाई. जीभ धुऊन नेते."

आमची नात भिंगरी. तिला दूध आणि अंडं चालत नाही. बिस्किटाचा हात चुकून तिच्या तोंडाला लागला तरी ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास अडकतो. मग मांडीत सुई टोचायची आणि दवाखाना गाठायचा. ती सुई एका जाड पेनात असते. एक पेन घरी, एक शाळेत. वापरा नाहीतर नका वापरू, तारीख उलटली की नवं घ्यायचं. शाळेतल्या पेनाची तारीख उलटली आणि बाईंनी कळवलं, नवं पेन येईपर्यंत पोरीला वर्गात बसवता येणार नाही. बाईंचंही चुकत नव्हतं. पण भिंगरीचं वेगळं दूध, वेगळी बिस्किटं, वेगळं सगळं घेता घेता आमचा महिना आधीच लंगडत चालतो. मुलानं सरकारी मदतीसाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. म्हणून मी कचेरीत निघाले, भिंगरीला घेऊन. सूनबाईही कामावर निघालेली, घरी तिला बघायला कोण होतं? पिशवीत दोन पेनं, घरचं चांगलं आणि शाळेतून परत आलेलं जुनं.

भिंगरीला मी सांगून ठेवलंय की तिच्या घशात एक दरवान बसतो. मिशा इतक्या लांब की कानामागं नेऊन गाठ मारतो. दूध दिसलं की धाडकन दार लावतो. पोर हसते आणि दुधापासून लांब राहते. आम्ही घरात एवढंच म्हणतो, चालत नाही. बास.

कचेरीतला साहेब चहा पीत होता. पुढ्यात बिस्किटांची बशी.

"आजी, मदत गरजेसाठी असते, आवडीनिवडीसाठी नाही. तुमच्या मुलानंच लिहिलंय, 'दूध, अंडं चालत नाही.' आमच्या चिरंजीवांना कोबी चालत नाही. मी कुठं अर्ज करू?"

मी खरं ते सांगितलं. बिस्किट खाल्लेल्या पोरानं खेळताना हिचा हात धरला, हिनं तोच हात तोंडाला लावला, आणि दवाखाना येईपर्यंत ओठ निळे पडले.

साहेब खुदकन हसला. "गोष्ट झकास सांगता हो तुम्ही!"

जन्मभर थापा खपवल्या, आणि एक खरी गोष्ट नेली तर गिऱ्हाईक नाही!

तेवढ्यात त्यानं बशीतलं बिस्किट उचललं. "घे गं बाळ. फार लाड झालेत तुझे. एकानं काही होत नाही."

भिंगरीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "नको काका. दरवान ओरडेल."

"कुठला दरवान? आ कर बघू."

बिस्किट तिच्या तोंडाजवळ आलं आणि माझ्या डोक्यात जाळ झाला. मी त्याच्या हातावर असा फटका मारला की बिस्किट खिडकीतून जे गेलं ते अजून खाली पडलेलं नाही. मग पिशवीतलं जुनं पेन काढलं, टोपण उपटलं आणि माझ्याच खुर्चीच्या गादीत खुपसलं. खट्! साहेब ताडकन उठला. मी पेन उपसून त्याच्यापुढं धरलं. सुई बाहेर आलेली.

"बघा. ही हिच्या बापानं हिच्या मांडीत खुपसली होती, कपड्यावरून. ही किंचाळत होती आणि तो रडत होता. कोबी नको म्हटलं की तुम्ही खुपसता का चिरंजीवांना?"

साहेबाचा चेहरा उतरला. पण जीभ कसली उतरतेय!

"मग तसं लिहायचं ना! चालत नाही काय? जिवाला धोका आहे म्हणा. मरू शकते म्हणा. तुम्ही शब्दच असे वापरता, आम्ही काय समजायचं?"

भिंगरीसमोर. मोठ्यानं.

"रोज ताटावर बसताना पोरीला मरशील म्हणू? घराला आग लागली तर पोरीला हळूच म्हणतो, ये गं बाहेर. हळू बोललो म्हणून ती आग नसते होय रे?" साहेबाला मी अरे-तुरे करतेय हे माझ्या नंतर लक्षात आलं. बरं झालं.

त्यानं अर्जातलं 'चालत नाही' खोडून वर 'जीवघेणं' लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी सही अशी दाबून केली की टेबलाखाली झोपलेल्या मांजरीच्या पाठीवर उमटली.

"पेनाचं मंजूर करतो," तो म्हणाला. "दुधाबिधाचं वर विचारावं लागेल."

"विचार. घरच्या पेनाचीही तारीख उलटेल कधीतरी. तेही घेऊन येईन."

पायऱ्या उतरताना भिंगरीनं माझा पदर ओढला. "आजी, मी मरू शकते?"

एरवी माझ्याकडं थापेला तोटा नसतो. त्या दिवशी एकही सापडेना. "पेन आहे ना," एवढंच म्हणाले.

"मग दरवान?"

मी तिला उचलून घेतलं आणि भराभर चालू लागले.

पेन आलं, शाळा सुरू झाली. काल भिंगरी घरी आली ती सांगतच. मैत्रिणीनं डबा पुढं केला होता.

"मग तू काय म्हणालीस?" सूनबाईनं विचारलं.

"मी म्हटलं, मी मरू शकते."

अगदी स्पष्ट. साहेबाला हवं होतं तसं. सूनबाईच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

उद्या मी परत निघालेय, दुधाचं विचारायला. सूनबाई थापांबद्दल काही बोलली नाही. साहेबाला आणखी एक सांगायचंय, आणि ते त्याला समजावून द्यायला लागलं तर दिवसभर तिथंच बसेन. पोरीच्या तोंडी हे जे घातलंस ना, ते आमच्यात चालत नाही.