निघायच्या दिवशीचं धुणं

बाहीच्या बटणाला एक थेंब लटकला होता. पडेल पडेल म्हणता पडत नव्हता, नुसता फुगत होता, आणि त्यात न्हाणीघरातला दिवा उलटा दिसत होता... लॉर्ना दात घासता घासता त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की हा ब्लाउज आपणच आत्ता बेसिनमध्ये धुऊन इथे अडकवला — कॉफी सांडली, डाग पडला, साबण लावला, इतकं सरळ — आणि आज निघायचा दिवस आहे.

म्हणजे ती कुठेच निघणार नव्हती. ती ब्रसेल्समधल्या याच हॉटेलात होती, कित्येक आठवडे, रोज तेच उकडलेलं अंडं खात. निघत होता तो देश. तिचा देश युरोपच्या संघातून आता पुरता बाहेर पडत होता; बाकी सगळं जवळपास बोलून झालं होतं, घोडं अडलं होतं ते मासळीवर, आणि मासळीवरचा शेवटचा शब्द आज तिला बोलायचा होता. पण हल बंदरात, हेसल रोडवर, कोळ्यांच्या आळीत वाढलेल्या मुलीला निघायचा दिवस म्हणजे निघायचा दिवस. त्या दिवशी घरात धुणं नाही. माणूस बोटीवर चढला की त्याच्या घरी कपडा भिजवायचा नाही, नाहीतर समुद्र त्यालाही धुऊन नेतो. आणि दाराशी जायचं नाही, हात हलवायचा नाही. 'गुडबाय' हा शब्द तर शवपेटीपाशी म्हणायचा. बाबांना बोटीवर न्यायला टॅक्सी दारात येऊन थांबली की आई चुलीकडे तोंड करून उभी राही आणि रिकामं पातेलं ढवळत बसे. बाबाही वळून बघत नसत. ती कितीतरी वर्षं समजत होती की माया अशीच असते, पाठमोरी... या खेपेला लॉर्ना ब्रसेल्सला यायला निघाली तेव्हाही बाबा टीव्हीकडे तोंड करून बसले होते. टीव्ही बंद होता.

खुळेपणा, ती आरशातल्या बाईला म्हणाली. थेंब पडला. तिने दुसरा ब्लाउज घातला, आणि गुंड्या लावताना तिच्या बोटांना कालच्या संत्र्याचा वास आला.

काल संध्याकाळी पेनरोजसाहेबांनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, संत्रं सोलता सोलता सांगितलं होतं, "बारा मैलांच्या आतला पट्टा सोडायचा. त्यांच्या बोटी आणखी काही वर्षं येत राहतील. वरून आलंय."

"किनाऱ्याला लागून?"

"किनाऱ्याला लागून. आणि हे तू सांगावंस असं मला वाटतं, लॉर्ना."

"मीच का?"

"तू कोळ्याची मुलगी. तुझ्या तोंडून आलं की त्यांना कळेल, आता आमची झोळी रिकामी." आणि अर्धं संत्रं त्यांनी तिच्यापुढे धरलं. माणूस वाईट नव्हता. तिने ते खाल्लंही.

पण बाबांनी — विल्फ स्टॅदर्स, वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, आवाज तसाच — कोळ्यांच्या साऱ्या क्लबात सांगून ठेवलं होतं, "आमची लॉर्ना त्या खोलीत आहे तोवर माशाचं एक शेपूट बाहेर जायचं नाही." ती खोली. ती खोली त्यांच्या घरात चौथ्या माणसासारखी जेवायला बसायची. आइसलंडशी कॉड माशावरून भांडण मिटलं तेव्हा कुठल्याशा खोलीत कुठल्याशा कोटवाल्यांनी माना डोलावल्या आणि हलच्या बोटी भंगारात गेल्या. बाबा कॅरव्हानच्या कारखान्यात पत्रे ठोकायला लागले, आणि किनाऱ्यावर येऊन तीन दिवस ज्यात राजासारखे मिरवायचे तो फिकट निळा सूट आईने उशांच्या अभ्र्यांना वापरला. बाबा बटाटे चिवडत म्हणत, "त्या खोलीत आपलं एक माणूस असतं ना..." वाक्य तिथेच थांबे. लॉर्ना त्या अर्ध्या वाक्यासमोर बसून अभ्यास करत मोठी झाली. शिकली, सरकारी नोकरीत लागली, वर चढली, खोलीत शिरली. आपलं माणूस!

खोलीला खिडकी नव्हती. साथीमुळे सगळ्यांच्या तोंडाला मास्क, मधे प्लास्टिकचे पडदे. समोर गोल्वेन केर्दाँकुफ — संघाच्या बाजूने मासळीचं बोलणारा, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा, त्याच्या भावाची स्वतःची बोट आहे हे त्याने कधीतरी सांगितलेलं.

"आज सँडविचमध्ये परत ट्यूना," तो म्हणाला. "आपण माशांवरून डोकी फोडायची आणि आपल्याला घालतात डब्यातला."

"तुमच्या पाण्यातला नसेल."

"तुमच्याही नसेल. असता तर आम्ही वाटा मागितला असता."

हसून झालं. मग पेनरोजसाहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि ती बोलली.

रात्री अंथरुणात तिने हे वाक्य कितीदा म्हणून बघितलं होतं, आणि दर वेळी ते मधेच तुटत होतं — आवाज कापणार, कदाचित 'नाही' म्हणून आपण उठूनही जाऊ, कदाचित... काही झालं नाही. आवाज स्वच्छ आला. वाक्य शेवटपर्यंत गेलं. गोल्वेनने पेन खाली ठेवलं, मास्कच्या वरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुम्हाला हे सोपं नव्हतं."

सोपं होतं! हेच तर भयंकर होतं. तिने आत लाज शोधली, खिशात किल्ली शोधावी तशी, सगळीकडे चाचपून बघितलं, आणि हाताला लागली ती भूक. सुटल्यासारखं वाटत होतं आणि कडकडून भूक लागली होती. तिने ट्यूनाची दोन सँडविचं खाल्ली. जन्मभर तिने त्या दुसऱ्या खोलीतले ते कोटवाले डोळ्यांपुढे आणले होते, सिगार ओढणारे, हसणारे, एकमेकांच्या पाठी थोपटणारे. आणि आता तोंडात घास असताना तिला वाटलं, त्यांनाही नुसती भूक लागली असेल.

बाबांचा फोन आला तेव्हा ती कॉफीच्या यंत्रापाशी उभी होती.

"काय गं, दिलंस?"

"बाबा, मला बोलता येत नाही. ठाऊक आहे ना तुम्हाला."

"मी काय पेपरवाला आहे? बाप आहे तुझा."

"सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं."

"हे तुम्हा कोटवाल्यांचं पालुपद रेडिओवर ऐकून पाठ झालंय मला. बारा मैल. तेवढंच सांग. हो का नाही?"

यंत्र गुरगुरलं आणि थांबलं.

"बाबा... जेवलात का?"

बोलून गेल्यावर तिला कळलं. शेजारच्या कुणाची बोट परत यायची नसली, की आई बातमी सांगायच्या आधी बाबांना असंच विचारायची. तिकडून श्वास ऐकू येत होता, जाड, शिट्टीसारखा.

"जेवलो," बाबा म्हणाले. "शेजारच्या डोरीनने पॅटी आणि चिप्स आणून दिले. गारच होते. थंडी आहे का तिकडे?"

"आहे."

"अंगात काहीतरी घालत जा." मग, टॅक्सीवाल्याला म्हणावं इतक्या सभ्यपणे, "बरं तर. गुडबाय, लॉर्ना."

फोन त्यांनीच ठेवला.

चार वाजता बाहेर अंधारून आलं होतं. बोलणी वरच्या लोकांकडे गेली आणि तिला खोलीवर जाऊन पडायला सांगण्यात आलं. ब्लाउज अजून दमट होता. ती कोट न काढता बेसिनपाशी उभी राहिली आणि स्वतःची समजूत घालू लागली — वय झालंय त्यांचं. पायांना पट्ट्या बांधायला येणारी नर्स रोज जाताना गुडबाय म्हणते, टीव्हीवर सगळे म्हणतात, तोंडात बसला असेल शब्द. असेल. किंवा ते क्लबात आता तोंड दाखवणार नाहीत, आणि त्यांना ठाऊक आहे की मला हे ठाऊक आहे. परत फोन करावा... पण विचारायचं काय? बाबा, तुम्ही चुकून म्हणालात का? चुकून म्हणाले असतील तर हसतील. नसतील तर 'नाही' म्हणतील, तितक्याच सभ्यपणे, आणि तो 'नाही' घेऊन मी कुठे जाऊ?

खाली रस्त्यावर टॅक्सी येऊन थांबल्याचा आवाज झाला. ती खिडकीकडे गेली नाही. सवयीने पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि ढवळायला हातात काही नव्हतं म्हणून तिने ओली बाही मुठीत धरली. कुणाची पावलं दूर जाण्याची ती वाट बघत होती ते तिचं तिलाच कळेना. इतकी वर्षं आपण घरात राहणाऱ्यांतल्या, असं तिने धरून ठेवलं होतं. पण आज बोटीवर चढलेली ती होती. किनाऱ्यावर एक म्हातारा उघड हात हलवत होता, आणि धुणं तिने स्वतःच काढलं होतं.