धुतलेला दोर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. तीन पदर पिळून मला वळलं, तेव्हा वळणारा कौतुकाने म्हणाला होता, "हा माणसाचं वजन सहज पेलेल." माझी उमेदीची वर्षं तलावावर गेली. तिथे मी होडी बांधून धरत असे आणि शहराकडे निघालेलं स्वच्छ पाणी पाहत असे. पुढे माझी बदली गटारावर झाली. तेच पाणी तुमच्या मोरीतून काळं होऊन मला पुन्हा भेटलं. मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू?

पण तिथे मला दाजी भेटले. दाजी गटारात उतरून तुंबलेला गाळ काढायचे. त्यांचा मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. माझं एक टोक दाजींच्या कमरेला, दुसरं वर उभ्या मेहुण्याच्या मनगटाला. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर ओढ. ओढून काढताना मेहुणा म्हणायचा, "दाजी, जड झालात! ताईला सांगतो, दोन घास कमी वाढ."

"सांग की. आधी तुझंच ताट उचलेल ती."

काम संपलं की दाजी स्वतःच्या अंघोळीआधी मला धूत. साबण लावून, हातभर हातभर चोळून. म्हणत, "आधी हा, मग मी. याच्या जिवावर तर उतरतो." इतका मान मला तलावावरही मिळाला नव्हता.

त्या दुपारी मला असंच धुऊन कुंपणावर वाळत घातलं होतं. तेवढ्यात समोरच्या घरातल्या बाई धावत आल्या. "अहो, पुन्हा तुंबलं! पाणी घरात शिरतंय!"

मेहुणा मला घ्यायला वळला. दाजी म्हणाले, "राहू दे रे. आत्ताच धुतलंय त्याला. दोन मिनिटांचं तर काम."

मी कुंपणावरून सगळं पाहत होतो. मला ओरडता आलं नाही.

दोन मिनिटं गेली. पाच गेली. मेहुण्याने वाकून हाक मारली, "दाजी? अहो दाजी!" उत्तर आलं नाही. खाली विषारी वायू साचला होता. मेहुण्याने धावत येऊन मला ओढलं आणि आत सोडलं. मी थेट दाजींच्या तळहातावर जाऊन पडलो. रोज मला चोळणारी ती बोटं मिटली नाहीत.

संध्याकाळी ताईने भावाला एवढंच विचारलं, "दोर कुठे होता?"

"वाळत होता," तो म्हणाला.

आता मी त्यांच्या घरी खुंटीला आहे. मला कुणी हात लावत नाही. त्या दिवसाचा गाळ अंगावर वाळून कडक झाला आहे. मला दाजींची फार आठवण येते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा. मी सांगतो, मला जपू नका. खरं तर कुणावर गटारात उतरायची वेळच येऊ नये. पण कुणी उतरताना दिसलंच, तर आधी विचारा, दोर बांधला का? मला मळू द्या. मळलेला दोर धुता येतो.