सत्तावन्नच्या आत

कारापूरच्या अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायचा दिवस म्हणजे प्रभावतीबाईंचा सणच. आकडा वाढला की त्या टाळी वाजवत. "अगो, महादेव वाढला! काय घातलंस खायला, सांग सगळ्यांना," असं त्याच्या आईला म्हणत. मग पेज खाऊन पोरं पांगली की त्याच काट्यावर त्यांची थोरली, गौरवी, चपला काढून उभी राही. तेव्हा मात्र आकडा वाढला की मायलेकींची तोंडं सुक्या बांगड्यासारखी होत.

"हल गो बाजूक. तुझो पाय लागलो काट्याक," गौरवी म्हणाली.

"माझो पाय खय? तुझाच वजन ता."

"बघ तर. छप्पन आणि थोडासा वर." गौरवी उतरली. "जगातल्यो आयो म्हणतत, खा गो बाय. माझी आई म्हणता, श्वास सोड."

गौरवी ज्युदो खेळायची. बारावीला तिला बावन्न टक्के पडले होते. निकालाच्या दिवशी तिचे प्रशिक्षक परेश सर घरी आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "बाई, टक्क्यांच्या यादीत हिचं नाव शोधायला दुर्बीण लागेल. पण पणजीच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या पदवीला खेळाडूंसाठी जागा आहे. गौरवी, राज्य निवड स्पर्धेत सत्तावन्न किलोच्या गटात पदक आणलंस, तर ती तुझी. मात्र वजन सत्तावन्नच्या आत हवं. वरच्या गटात जाऊ नकोस हां. तिथली म्हापशाची मुलगी तुला उचलून शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगावर टाकेल."

सगळे हसले. बाप कृष्णनाथही हसला. खाण बंद पडल्यापासून तो शाळेची बस चालवत होता आणि लेक शाळेत खेळाची बाई होणार, या कल्पनेने त्याला बसचा भोंगासुद्धा गोड लागायला लागला होता. पदक आलं नाही तर साखळीच्या कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं, एवढीच दुसरी वाट होती. ती सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून तिचं नाव कोणी काढत नव्हतं.

स्पर्धा रविवारी होती आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी देवीचा वर्धापनदिन. यंदा नैवेद्याचा मान कृष्णनाथच्या घराला आला होता.

*

कृष्णनाथची थोरली बहीण, तारा वन्सं, मोरजीहून मदतीला म्हणून आली. नारळ मोजून घेतले, डाळ निवडायला बसली आणि मान वर न करता तिने विचारलं, "प्रभा, गौरवीची तारीख कधी गो?"

"गुरुवारच्याच आसपास, वन्सं."

"मगे? नैवेद्य तुझ्या चुलीवरसून जातलो. चेडवाक माझ्याकडे मोरजेक धाड. चार दिस समुद्राची हवा खायत."

"हवा खाऊन वजन वाढता, आत्ये!" गौरवी अंगणातून ओरडली. ती दोरीवरच्या उड्या मारत होती. "आणि माका सराव आसा. राखणदार देवचाराक कोंबो चलता, तेचा रगत चलता. माझाच तेवढा चलणा नाय?"

"ऐकलंस?" तारा वन्सं प्रभावतीला म्हणाली. "बावन्न टक्क्यांच्या चेडवाची जीभ नव्वद टक्क्यांची आसा."

कृष्णनाथ बसची चावी घेऊन उठला. "घरातल्या गजालींत माका घालू नकात."

इथे एखादी कजाग सासू असती तर ही कथा सोपी झाली असती. सगळं पाप तिच्या पदरात बांधून आपण मोकळे झालो असतो. सासू नव्हती. तारा वन्संही दुपारी जेवून मोरजीला निघून गेली. प्रभावती एकटी उरली आणि जे काही तिने ठरवलं ते एकटीने ठरवलं. गौरवीला मोरजीला धाडलं तर सराव बुडणार. घरी ठेवली आणि तिला कावळा शिवला, तर ती पोर चार बायकांत मोठ्याने सांगणार. प्रभावतीला मधली वाट हवी होती. लेकीचा सरावही राहावा आणि देवीचं सोवळंही.

साखळीच्या औषधांच्या दुकानात निलेशने तिला बघताच खण उघडला.

"जत्रेच्यो काय, बाई? तारीख फुडे ढकलूच्यो? कोणाक होयो म्हणून विचारणंय नाय मी. चवथीच्या आधी ह्यो गोळ्यो पेढ्यांसारख्यो खपतत."

"माकाच होयो," प्रभावती म्हणाली. त्याने विचारलंही नव्हतं.

*

शनिवारी अंगणवाडीत गावातल्या किशोरवयीन मुलींचा वर्ग असे. प्रभावतीने भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. "पाळी म्हणजे विटाळ नव्हे. शरीराचं काम आहे ते."

घरी येऊन तिने पट्टीतली एक गोळी तळहातावर फोडली.

"या दिवसांत मुलीला वेगळं बसवू नये," तिने वर्गात सांगितलं होतं.

"गौरवी, ये गो. लोहाची गोळी घे."

"ही पांढरी? तुझ्यो निळ्यो असतत मगे."

"खेळाडवांसाठी वेगळ्यो इल्यात. रोज घेवच्यो."

"आणि कोणतंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. काही शंका?" असं विचारून तिने वर्ग संपवला होता. मुलींना शंका नव्हती.

गौरवीलाही नव्हती. तिने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि रिकामा हात आईच्या पदराला पुसला.

*

सोमवारी काट्यावर सत्तावन्न दिसलं. मंगळवारी सत्तावन्नच्या वर.

गौरवीने भात सोडला. मग पोळी सोडली. वैशाखाच्या उन्हात बापाचा जुना रेनकोट अंगात चढवून ती शेतातल्या वाटेने धावून आली आणि अंगणात ओकली. पाणीही ती चूळ भरून टाकायची. तिच्या मोज्यांचे वळ पायावर उठलेले प्रभावतीने पाहिले. गावातल्या गरोदर बायकांचे पाय ती रोज दाबून बघायची. तिने लेकीच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, आणि भरायला वेळ लागला.

तिने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना फोन लावला. "मॅडम, गावातली एक मुलगी आहे. घरात देवीचं काम आहे, आणि तिचे पाय सुजलेत..."

"पाळी पुढे ढकलायची गोळी घेते का? काहींच्या अंगात पाणी धरतं त्याने. वजन वाढतं. बंद करायला सांगा, उतरेल. आणि बाई, तुम्ही असताना गावात हे चालतं कसं?"

गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत रक्त येणार. म्हणजे नेमकं गुरुवारी, नारळाचा रस काढताना.

यानंतर प्रभावतीने स्वतःला जी गोष्ट सांगितली, ती अशी: डॉक्टरबाई 'काहींच्या' म्हणाल्या, सगळ्यांच्या नाही. पोर धावतेच आहे, उतरेल वजन. देवीचा मान नीट पार पडला तर देवीच रविवारी पाठीशी उभी राहील. आई पोरीच्या वाईटावर कधी असते का?

हा परिच्छेद खोडायला हवा. तो तिच्या सोयीचा आहे. खरं एवढंच की तिला कळलं होतं, आणि कळल्यावरही बुधवारी तिने गोळी दिली. गुरुवारी सकाळीही दिली.

नैवेद्य उत्तम झाला. खतखतं, मणगण्याची गोड खीर, पाच भाज्या. मणगण्याचा नारळ गौरवीने वाटला आणि बोटाला लागलेला रस तिने न चाटता नळाखाली धुऊन टाकला. "सोवळ्यात झाला हां सगळा," तारा वन्सं बायकांना सांगत होती. प्रभावतीने देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं. काय मागावं ते तिला सुचेना.

*

रविवारी फोंड्याच्या सभागृहात वजनाच्या खोलीतून गौरवी बाहेर आली. "सत्तावन्न पूर्णांक चार."

वेळ संपून वजनाची खिडकी बंद होईपर्यंत पुन्हा वजन देता येत होतं. गौरवी जिने चढली-उतरली. बादलीत थुंकत राहिली. ओठांना पापुद्रे आले होते. परेश सर घड्याळ बघत म्हणाले, "केस."

तिची वेणी कंबरेपर्यंत होती. सरांच्या पेटीत पट्ट्या कापायची कात्री होती. गौरवीने ती आईच्या हातात दिली. "तूच काप. दुसऱ्यान कापल्यान तर माका रडू येतला."

कात्री बोथट होती. वेणी एका झटक्यात तुटेना. प्रभावतीने ती करवतीसारखी कापली. त्या वेणीला तिने लहानपणापासून तेल लावलं होतं. कापताना तिला त्या तेलाचाच वास येत होता.

"सत्तावन्न पूर्णांक एक," आतून आवाज आला. मग खिडकी बंद झाली.

परेश सरांनी टोपी काढून बाकावर आपटली. "गुरुवारी घरात जेवणावळ होती ना? एक वाटी मणगणं नडलं बघ."

"सर, मी खाऊक नाय."

"मग वजन वाऱ्याने वाढलं? बावन्न टक्केवाल्यांकडे दुसरं काय असतं गो? शिस्त असते. तीच नाही तर पुढच्या वर्षी संघात तरी कशाला घेऊ तुला?"

"आई," गौरवी वळली. अर्धवट कापलेले केस तिच्या कानांवर उभे राहिले होते. "तू सांग मगे सरांक. मी खाल्लंय काय?"

"ती खाऊक नाय, सर," प्रभावती म्हणाली.

पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. ते तिने गिळलं. त्याच वेळी गौरवीचा चेहरा आवळला, तिने पोटावर हात दाबला आणि ती बाथरूमकडे धावली. सोवळं संपलं होतं. पांढऱ्या पोशाखावर मागे लाल डाग उमटला होता, आणि सभागृहातल्या कोणालाही त्याचं काही वाटलं नाही.

*

पणजीची जागा फोंड्याच्या एका मुलीला मिळाली. गौरवी साखळीच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. तिला बायका विचारत, "केस गो कित्याक कापलंस?" ती म्हणे, "उकाडो."

घरी ती फार बोलत नसे. एकदा मात्र जेवताना म्हणाली, "आई, मी झोपेत उठून खातंय काय गो? तुका कधी आवाज येता?"

प्रभावतीने तिच्या ताटात आणखी भात वाढला. "नाय गो बाय."

"मग शिस्त नाय म्हणजे काय? मी काय चुकलंय तां माका कळूक होया."

अजूनही ती कामावर जाताना अंगणवाडीत डोकावायची, चपला काढून काट्यावर उभी राहायची. आकडा छप्पनच्या खाली गेला होता. ती तो बघायची आणि काही न बोलता उतरायची. ज्या काट्यावर प्रभावती आयुष्यभर टाळ्या वाजवत आली होती, त्याच्याकडे आता तिला बघवेना. पोरांची वजनं ती मदतनीस बाईला घ्यायला लावी.

गणपतीची चवथ जवळ आली. तारा वन्संचा फोन आला. "धाकटीक पण सुरू झालाहा मगे आता? वेळेवर गोळ्यो आणून ठेव हां."

प्रभावती "बघतंय" म्हणाली. बघतंय! इतकं होऊनही.

शनिवारच्या वर्गात धाकटी तनया पहिल्या रांगेत बसली होती. प्रभावतीने चित्राकडे बोट दाखवलं. "पाळी म्हणजे..."

"बाई," तनया म्हणाली. वर्गात ती आईला बाईच म्हणे. "आत्या म्हणता चवथीक गोळी घेवची. घेतली तर चलता?"

मागच्या दोघी-तिघी खुदकन हसल्या. "आमकां पण आई देता," एकजण म्हणाली.

प्रभावतीचं बोट चित्रावर तसंच राहिलं. दारात गौरवी आली होती. कामाला निघालेली, काट्यासाठी थांबलेली.

"ती गोळी मी गौरवीला दिली," प्रभावती म्हणाली. "लोहाची म्हणून खोटं सांगून दिली. तिच्या अंगात पाणी धरलं. डॉक्टरांनी सांगितल्यावर मला कळलं, तरी मी गुरुवारपर्यंत देत राहिले. ती सत्तावन्नच्या आत बसली नाही ती माझ्यामुळे. तिची वेणी कापली तीसुद्धा मीच. आणि सगळे तिलाच बोलत होते तेव्हा मी गप्प राहिले."

गौरवी दारातच उभी होती.

प्रभावतीने फोन काढला, परेश सरांना लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तेच सगळं तिने पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा ते कठीण गेलं.

पलीकडे मैदानावरचा गलका ऐकू येत होता. मग सर म्हणाले, "बाई, यंदाची जागा गेली."

"ठाऊक आहे मला."

"तिला संध्याकाळी पाठवा. मलाही तिच्याशी बोलायचं आहे. काय बोलायचं ते अजून कळत नाही."

फोन बंद झाला. "तनया," प्रभावती म्हणाली, "यंदा आपल्या घरात कोणी गोळी घेणार नाही. तारीख येऊ दे नाहीतर न येऊ दे, गणपतीवरची फळांची माटोळी तू बांधायची. आत्याला मी सांगते."

मग गौरवी आत आली. ती आईजवळ गेली नाही. टेबलावर वाटायला काढलेल्या लोहाच्या गोळ्या होत्या, निळ्या, नेहमीच्या. तिने एक पट्टी उचलली.

"ह्यो तरी खऱ्यो काय गो?"

'हो' असं म्हणायला प्रभावतीने तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की त्या शब्दाला आता या खोलीत काही किंमत उरलेली नाही.

"वाच," ती म्हणाली. "माझ्यावर जाऊ नको. पट्टी उलटी कर आणि वाच. सगळ्यांनी वाचा गो. मी दिली, आईने दिली, देवाच्या नावाने कोणी दिली, तरी वाचल्याशिवाय तोंडात घालायची नाही."

मुलींनी एकेक पट्टी उचलली. चंदेरी कागद कुरकुरला. अक्षरं बारीक होती. तनया पट्टी उजेडाकडे धरून एकेक अक्षर लावत होती.

गौरवीने आपली पट्टी शेवटपर्यंत वाचली. नाव वाचलं, तारीख वाचली. मग एक गोळी फोडून तळहातावर घेतली आणि ती त्या गोळीकडे बघत उभी राहिली.

प्रभावतीने पाण्याचा तांब्या पुढे केला नाही. ती थांबली.