सिकुलिकच्या धक्क्यावरचा फळा

मी एक जुना सूचनाफलक आहे.

नाही. पहिलंच वाक्य खोटं निघालं. मित्रांनो, मला पुन्हा सुरुवात करू द्या. माझ्या अंगावर खूप खोटं लिहून झालंय, आता आणखी नको.

मी एका भिंतीचा तुकडा आहे. पूर्वी सूचनाफलक होतो. लॅब्राडोरच्या उत्तर किनाऱ्यावर, सिकुलिक गावाच्या धक्क्यावर, मालगोदामाच्या भिंतीला पाठ लावून मी एकतीस वर्षं उभा होतो. सिकुलिकला रस्ता नाही. छोटं विमान येतं, ते माणसं आणि टपाल आणतं. पीठ, पत्रे, खिडक्या, इंजिनं, जे जड ते सगळं जहाजानं. जहाज जूनअखेर ते नोव्हेंबर. पुढे समुद्र गोठतो आणि मग वाट बघण्यातसुद्धा अर्थ उरत नाही.

मला जेरेमायास सुतारानं घडवलं. लार्च नावाच्या झाडाच्या चार जाड फळ्या आणि पाठीला दोन आडव्या पट्ट्या. "यावर लिहिलेलं वाऱ्यानं जायचं नाही," असं तो म्हणाला होता. बिचाऱ्याला भीती फक्त वाऱ्याची वाटत होती.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. तेव्हाचा कप्तान स्वतः उतरून माझ्यावर खडूनं पुढची तारीख लिहायचा आणि त्या तारखेला जहाज यायचं. हंगामाच्या पहिल्या जहाजाला चर्चचे वादक पितळी शिंगं घेऊन सामोरे जायचे. एरवी माझ्यावर गावाचं आयुष्य चिकटलेलं असे.

सील मारलाय. मांसासाठी भांडं घेऊन या. – टबेया
डाव्या पायाचा बूट सापडला.
मुलगी झाली! मुलगी झाली!

ते खडू गेले. जुनं जहाज गेलं, नवी कंपनी आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले छापील कागद आले.

सूचना: जहाज गुरुवारी येईल.
सुधारित सूचना: जहाज गुरुवारी येणार नाही.
सुधारित सूचनेची दुरुस्ती: जहाज येईल. कृपया सूचना पाहत राहा.

हे कागद लावायचं काम धक्क्यावरच्या कचेरीतल्या सेल्माकडे होतं. ती गावातलीच. कागद लावून ती अशी झटकन निघून जायची, की जणू चोरी केलीय.

"गुरुवार लिहिलंय," मनासे वेल्डर माझ्यासमोर उभा राहून म्हणायचा.

"कुठला गुरुवार?" मागून कोणीतरी विचारायचं.

"ते नाही लिहिलं. वर्षही नाही लिहिलं."

लोक हसायचे. मीही हसलो असतो. पण तो कागद माझ्या तोंडावर होता.

आता मी ज्या गोष्टीसाठी बोलतोय ती सांगतो.

बोआसकाका आणि झिपोराकाकी. सख्ख्या नात्यानं ते कोणाचेच नाहीत म्हणून सगळ्या गावाचे काका-काकी. बोआसकाकांची छाती खराब होती. त्यांच्या घरातल्या, लाकूड जाळून घर तापवायच्या जुन्या लोखंडी भट्टीला तडे गेले होते आणि त्यातून धूर घरात यायचा. विमानानं येणाऱ्या डॉक्टरनं जूनमध्ये स्पष्ट सांगितलं होतं, "या हिवाळ्यात घरात धूर चालणार नाही. भट्टी बदला, नाहीतर यांना दक्षिणेला शहरातल्या शुश्रूषागृहात न्यावं लागेल."

"तिकडे गेलेला कोणी परत आलाय?" काका म्हणाले होते.



नवी भट्टी मागवली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सेल्मानं कागद लावला.

सूचना: जहाज गुरुवारी सकाळी येईल. माल: पीठ, पत्रे, लोखंडी भट्टी (एक) – झिपोरा व बोआस.

मित्रांनो, त्या दिवशी मला अभिमान वाटला. एवढी मोठी गोष्ट माझ्या अंगावर लिहिलेली!

सिकुलिकची एक रीत आहे. जहाज दोन तास थांबतं. तेवढ्यात सगळं गाव धक्क्यावर जमतं आणि जड वस्तू आठ-दहा जण थेट धक्क्यावरून घरात नेऊन ठेवतात. नंतर एवढे हात पुन्हा मिळत नाहीत. कोणी शिकारीला जातं, कोणी लाकडाला. म्हणून ज्याची वस्तू येणार त्यानं घर आदल्या दिवशीच उघडून तयार ठेवायचं. नवी भट्टी दारातून मावत नव्हती. बुधवारी मनासेनं खिडकीखालची भिंत कापून माणूस आडवा जाईल एवढं भोक पाडलं. जुनी भट्टी फोडून बाहेर काढली, आणि काकीच्या मानलेल्या भाच्यानं, गिडियननं, ती आपल्या होडीचा नांगर म्हणून खाडीत सोडली.

शहरातला माणूस हसेल. म्हणेल, वस्तू हातात यायच्या आधी भिंत कोण पाडतं? मी सांगतो कोण पाडतं. ज्याला सांगितलेल्या तारखेवर विश्वास ठेवायची सवय आहे, तो पाडतो. चूक विश्वास ठेवणाऱ्याची धरायची असेल तर खुशाल धरा. मी धरणार नाही.

गुरुवारी वादकसुद्धा आले. का, तर भट्टी काकांची होती आणि काका चाळीस वर्षं त्यांच्यात मोठं शिंग वाजवत होते. रिकाम्या समुद्रासमोर त्यांनी तीन गाणी वाजवली.

सुधारित सूचना: यांत्रिक कारणामुळे विलंब.

भोकावर ताडपत्री लागली. दोन आठवडे गेले. मग जहाज आलं! बेचाळीस खोकी शीतपेयं, तीन बर्फगाड्या, कोणाचा तरी सोफा. भट्टी नाही. ती दक्षिणेच्या बंदरात जागेअभावी काढून ठेवली होती. जहाजाच्या मालाच्या कागदावर मात्र लिहिलं होतं: भट्टी, सिकुलिक, उतरवली.

"उतरवली?" काकीनं सेल्माला विचारलं. "कुठं उतरवली? माझ्या डोक्यावर?"

"मी फक्त कागद चिकटवते गं काकी."

"ते तर तो फळापण करतो. त्याला कोणी पगार देत नाही."

सेल्मा रडली. काकीनं तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "रडू नकोस. ज्यांनी रडायला हवं ते इथं नाहीत."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाडीच्या कडेला बर्फाची साय धरली, तेव्हा शेवटचा कागद आला.

सूचना: या हंगामाची शेवटची फेरी रद्द करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

गैरसोय! बुटाची नाडी तुटते ती गैरसोय. काकीनं कागद दोनदा वाचला. मग तिनं मला हात लावला, कागदाला नाही, मला. बोटांनी माझी जाडी मोजली.

"मनासे, पहार आण."

"कशाला, काकी?"

"माझ्या भिंतीला लाकूड पाहिजे. हे चांगलं आहे. वाया चाललंय."

"काकी, ती कंपनीची मालमत्ता आहे," सेल्मा हळूच म्हणाली.

"मग कंपनीला म्हणावं, ये आणि सोडवून ने."

सहा जणांनी मला खांद्यावर घेतलं. माझ्यावरचे सगळे कागद, सगळे गुरुवार, वाटेत गळून पडले. मनासेनं मला भोकात बसवलं, फटींत वाळकं शेवाळ भरलं. मग तेलाच्या रिकाम्या पिंपाची भट्टी केली. पिंपाचं अंग घरात, लाकूड घालायचं तोंड बाहेर पडवीत, म्हणजे धुराचा कणही आत येऊ नये. पण पिंप लहान. दर दोन तासांनी काकी उणे तीस अंशांच्या थंडीत पडवीत जायची. जानेवारीत तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गोठून काळी पडली. ती परत आली नाहीत.

बोआसकाका मात्र त्या हिवाळ्यात घरीच राहिले. माझ्या शेजारी खुर्चीत बसून काकीवर ओरडायचे, "अगं, हातमोजे घाल!" आणि ती म्हणायची, "तू खोक, मी घालते."

वसंतात कंपनीचं एक रंगीत पत्रक टपालानं आलं. त्यात उत्तर किनाऱ्याच्या लोकांच्या चिवटपणाचं आणि हिकमतीचं कौतुक होतं. मित्रांनो, असं कौतुक कोणी करू लागलं तर सावध व्हा. ज्यानं तुम्हाला बुडवलं तो तुमच्या पोहण्याची तारीफ करतो, तेव्हा टाळ्या वाजवू नका.

जुलैत जहाजातून कंपनीचा लेस्टर नावाचा अधिकारी उतरला. नारिंगी जाकीट, हातात कागद. गोदामाची उघडी भिंत बघून चौकशी करत तो घरापर्यंत आला.

"बाई, सूचनाफलक परत लावावा लागेल. लोकांना माहिती कशी मिळणार?"

"बस," काकी म्हणाली. तिनं चहा दिला, पावावर लाल बेरींचा मुरंबा दिला. त्यानं कप घेताना तिची बोटं पाहिली आणि नजर वळवली, ती नेमकी माझ्यावर आली. खिळ्यांची शेकडो भोकं त्यानं ओळखली.

"हाच ना तो? ठीक आहे, सध्या इथंच लावतो. तुमच्याच भट्टीबद्दल आहे." त्यानं कागद उचलला.

"लावू नकोस," काकी म्हणाली. "तोंडानं सांग."

"काय?"

"जे छापलंय ते. याच्याकडे बघून सांग." काकीनं काकांकडे बोट दाखवलं.

बोआसकाकांनी कप खाली ठेवला. त्यांची छाती शिट्टीसारखी वाजत होती. लेस्टरनं कागद पाहिला, काकांकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"भट्टी लवकरच..." तो म्हणाला आणि थांबला. कान लाल झाले. "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

"मग तसं सांगायचं की रे," काका म्हणाले. "आम्ही भिंत पाडली नसती."

लेस्टरनं कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं, की आम्हाला जपा, रंग द्या, उन्हापावसात टाकू नका. मला रंग नको. मला एवढंच मागायचं आहे: कोणाला थांबायला सांगाल तेव्हा ते फळ्याला सांगून निघून जाऊ नका. जो थांबणार आहे त्याच्या घरी जा, त्याच्या समोर बसा, आणि त्याच्या तोंडावर सांगता येईल तेवढंच सांगा.