स्पिरिटने पुसलेली शाई

मित्रांनो, आठ वर्षांपूर्वी आरफाचे पत्र आले, ते कुंडलिक सरांनी माझ्याच शेजारी उभे राहून वाचले आणि उत्तर दिले नाही. मी जुन्नरच्या एका कॉलेजातला सूक्ष्मदर्शक. आता भिंगात बुरशी चढली आहे. बोलायची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्याखाली काचेच्या बशीत जिवंत पेशी वाढत. शेजारणी एकमेकींना घट्ट धरून राहतात. पण द्रवातले कॅल्शियम गेले, की हात सोडून गोल, सुट्या होतात.

सरांची विद्यार्थिनी आरफा बेल्ह्याची. पहिल्यांदा डोकावली आणि म्हणाली, "सर, ह्या तर बाजारातल्या बायांवानी दाटून बसल्यात!" सर लाजत हसले.

घाटघरकडचा हिरडा तिने आणला होता. तिथे तो उगाळून जखमेला लावतात. त्याने पेशी घट्ट राहतात का, हे तिला पाहायचे होते. अर्क घातला आणि पेशी सुटल्या.

"हात नीट धुतले नसशील," सर म्हणाले. ती बशी धुऊन घरी, बेल्ह्याला गेली.

सर बाटल्यांवर शाईच्या पेनानेच नावे लिहीत. स्पिरिटने पुसताना शाई उडाली होती आणि अंदाजाने त्यांनी तिला बिनकॅल्शियमच्या द्रवाची बाटली दिली होती. आठवड्याने तोच द्रव त्यांनी हिरड्याविना वापरला. पेशी तशाच सुटल्या. सर माझ्यावरून डोळा काढेनात.

मग पत्र आले. 'सर, चूक माझ्या हाताची होती का? अब्बा म्हणतात, तसं असेल तर शिकणं पुरे.'

सरांनी कितीदा कागद घेतला. 'प्रिय आरफा' यापुढे पेन सरकले नाही. पुढच्या वर्षी हजेरीत तिचे नाव नव्हते.

मित्रांनो, चूक झाली तर ती ज्याच्या माथी बसली त्याला लगेच सांगा. कॅल्शियम वेळेत परत घातले, तर पेशी पुन्हा हात धरतात, हे मी पाहिले आहे. उशीर झाला, तर मरून तरंगतात. तेही पाहिले आहे.

काल मला भंगारात काढले. शिपाई संपत मला मोटारसायकलला बांधत असताना निवृत्त सर आले आणि त्याच्या हाती आरफाच्या बेल्ह्याच्या पत्त्याचे पाकीट दिले.

"आठ वरसं झाली, सर. पोरगी आता तिथं आसंल व्हय?"

"नसेल. चूक माझी होती, एवढंच लिहिलंय."

स्टँडजवळ संपतने गाडी थांबवून पाकीट लाल पेटीत टाकले. पेटी रिकामी असावी. ते पत्र्यावर पडल्याचा आवाज आला.